धागा: पाणी चढतंय की उतरतंय? नदीची पातळी बघून गळ कुठे आणि कसा टाकायचा

नवागळ
नमस्कार मंडळी. नदीवर तळाला गळ टाकताना पातळीचा हिशोब कसा करायचा, हे नीट समजून घ्यायचं आहे. पात्र साधारण 60 मीटर रुंद, वरच्या अंगाला धरण, मासे रोहू, मृगळ, शिंगाळा आणि काठाला मरळ. पुलावरच्या मोजपट्टीवर पाण्याची पातळी 2.4 मीटर दिसली की कधी मासा धडाधड लागतो, तर कधी त्याच जागी, त्याच गांडुळाला कोणी तोंडही लावत नाही. मग मासेमारीला चांगली पातळी नक्की कोणती? पाणी वाढलं की शिसं, म्हणजे गळ तळाला धरून ठेवणारं वजन, किती वाढवायचं? आणि कोणत्या पाण्यात गळ टाकूच नये?

मोजपट्टी
प्रश्नातच उत्तराची सुरुवात आहे. चढतानाचं 2.4 आणि उतरतानाचं 2.4 ही दोन वेगळी पाणी आहेत. पातळी वाढत असताना नदी काठावरची माती, पानं, काटक्या, शेण सगळं उचलत असते, त्यामुळे सर्वात गढूळ पाणी बहुतेक वेळा पुराच्या शिखराच्या आधीच येऊन जातं. शिखर ओलांडून पातळी त्याच आकड्यावर परत येते तेव्हा पाणी बरंच निवळलेलं असतं. शिवाय चढत्या पाण्याचा उतार जास्त असतो, म्हणून त्याच आकड्यावर धारही थोडी जास्त जोरात असते. मासा आकडा बघत नाही. त्याला धार, गढूळपणा, पाण्याचं तापमान आणि प्राणवायू कळतो.

ढोबळ मानाने माशाचं वागणं असं असतं. पाणी चढायला लागल्यावर पहिल्या 10-15 सेंमीत किडे, गांडुळं, गोगलगायी पाण्यात येऊ लागतात आणि मासा जोरात खातो. हा काळ छोटा असतो, कधी दोन तास, कधी अर्धाच. नंतर पाणी झपाट्याने चढू लागलं, तासाला 10 सेंमी किंवा अधिक, की मासा खाणं सोडून जागा शोधायला लागतो. शिखराच्या आसपास तो काठाला किंवा आडोशाला दबून असतो. पुढे पाणी सावकाश उतरू लागलं, तासाला 2-3 सेंमी, आणि रंग गडद चहासारखा न राहता हिरवट-तपकिरी झाला, की खरा हंगाम सुरू होतो. हा टप्पा एक-दोन दिवस टिकू शकतो. मात्र धरणाचे दरवाजे एकदम बंद झाल्याने पातळी धाडकन खाली आली, तर मासा काठ सोडून खोल पाण्यात सरकतो आणि बराच वेळ बिचकलेला राहतो.

म्हणून एकच आकडा लिहून ठेवू नका. पोचल्या पोचल्या पाण्याच्या कडेला एक काटकी रोवा, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा आणि दर अर्ध्या तासाने बघा. काटकी लाटा आदळत नाहीत अशा शांत खाचेत रोवायची, नाहीतर वाचन चुकतं.

आणखी एक. मोजपट्टीचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे. काही पट्ट्यांवर तर आकडा समुद्रसपाटीपासून धरलेला असतो. त्यामुळे एका पुलावरचं 2.4 आणि दुसऱ्या पुलावरचं 2.4 यांची तुलना करायची नाही.

उलटीधार
वरच्या प्रतिसादाशी सहमत. पातळी बदलली की माशाची जागा कशी बदलते, ते लिहितो.

नदीत पाणी सगळीकडे एका वेगाने वाहत नाही. पृष्ठभागाजवळ जास्त, तळाशी आणि काठाशी कमी. धार वाढली की मासा कमी कष्टात उभं राहता येईल तिथे जातो, पण खाणं वाहून येईल इतक्या जवळ राहतो. म्हणून जोराची धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातात ती कड शोधायची. पाण्यावरचा फेस, पानं, काड्या एका रेषेत वाहताना दिसतात, तीच कड. आमिष कडेच्या संथ बाजूला, रेषेपासून हातभर आत पडायला हवं.

चढत्या पाण्यातल्या ठरलेल्या जागा म्हणजे वळणाची आतली बाजू, मोठ्या दगडामागचा संथ भाग, पुलाच्या खांबामागची उलटी धार, आणि ओढा नदीला मिळतो तिथलं तुंबलेलं पाणी. ही शेवटची जागा फार मोलाची. नदी फुगली की ओढ्याच्या तोंडातलं पाणी मागे दाबलं जातं आणि तिथे जवळजवळ स्थिर डोह तयार होतो. ओढा स्वतः गढूळ लोंढा आणत नसेल तर बारीक मासा तिथे आश्रयाला येतो आणि त्याच्या मागे शिकारी मासा येतो.

सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे पाणी वाढलं तरी सवयीने मधोमध लांब फेकणं. पूर असताना मासा अनेकदा काठापासून 1 ते 3 मीटरवर असतो, बुडालेल्या गवताच्या अगदी कडेला. तिथे धाडधाड चालत गेलात, खुर्ची आपटली, की तो गेलाच. काठापासून चार पावलं मागे बसा आणि रॉडचं टोक फक्त पाण्यावर येऊ द्या.

शिसंवाला
शिशाबद्दल. पाण्याचा ढकलण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. म्हणजे संथ पाण्यात 30 ग्रॅम शिसं जागेवर राहत असेल, तर वेग दुप्पट झाल्यावर हिशोबाने 120 ग्रॅम लागेल. पण 30-40 ग्रॅम फेकण्यासाठी बनवलेल्या रॉडने 120 ग्रॅम फेकलं तर रॉड मोडेल. म्हणून वजन वाढवण्याआधी बाकीच्या गोष्टी बदलायच्या.

पहिली गोष्ट दोरी. धारेत शिशापेक्षा दोरीच जास्त ओढली जाते, कारण पाण्यात तिची लांबी मोठी असते. 0.35 मिमी मोनोऐवजी (एकाच धाग्याची नायलॉन दोरी) 0.18-0.20 मिमी ब्रेड (बारीक धाग्यांची विणलेली दोरी) लावली की तो ओढ जवळपास निम्मा होतो. ब्रेडच्या पुढे खडकाला घासायला 1-2 मीटर जाड मोनो हवाच, नाहीतर पहिल्याच कपारीत तुटेल.

दुसरी गोष्ट आकार. गोल शिसं धारेत गडगडत जातं, थेंबाच्या आकाराचंही घसरतं. चपटं किंवा चौकोनी शिसं घ्या. वाळूच्या तळाला तारांचे पाय असलेलं शिसं धरून राहतं, पण खडकाळ तळाला ते अडकून कायमचं जातं.

तिसरी गोष्ट फेकण्याची दिशा. समोर आडवं न फेकता थोडं वरच्या अंगाला फेका, शिसं तळाला टेकू द्या, मग रिळातून 2-3 मीटर दोरी जादा सोडा. दोरीला धारेत कमान येते आणि ओढ खालच्या अंगाने, तळालगत लागते, त्यामुळे शिसं उचललं जाण्याऐवजी तळात रुततं. दोरी ताणून धरली तर उलट होतं, प्रत्येक लाटेला शिसं उचलून पुढे जातं. अशा मांडणीत मासा लागला की रॉडचं टोक वाकण्याऐवजी एकदम सैल पडतं, कारण शिसं सुटून धारेबरोबर सरकतं. टोक सैल पडलं की लगेच दोरी गोळा करा आणि ताण येताच उचला.

रॉड उभ्या कोनात, 60-70 अंशात ठेवा. जितकी दोरी पाण्याबाहेर, तितकी ओढ कमी आणि वाहणारा कचराही कमी अडकतो.

नवागळ
शिसंवाला दादा, हे फार उपयोगी आहे. दोन शंका. लीडर, म्हणजे शिशापुढचा गळ बांधलेला दोरीचा तुकडा, किती लांब ठेवायचा? आणि वेग व गढूळपणा साधनाशिवाय कसा मोजायचा?

शिसंवाला
फुगलेल्या गढूळ पाण्यात 20-30 सेंमी पुरे. लांब लीडर धारेत गरगर फिरतो, मुख्य दोरीला पीळ पडतो आणि गांडूळ माशासमोर थांबतच नाही. नितळ, कमी पाण्यात उलट करा: 80-100 सेंमी, 0.18-0.20 मिमी, गळ एक-दोन नंबर बारीक. मध्यम पाण्याला 50 सेंमी.

मांडणीचा क्रम: मुख्य दोरीत सरकती कडी, कडीला शिसं लटकवायचं, मग मणी, मग स्विव्हल (पीळ पडू न देणारा फिरता जोड), पुढे लीडर आणि गळ. मणी विसरला तर कडी गाठीवर आपटत राहते आणि गाठ झिजून नेमकी मोठ्या माशाला तुटते.

मोजपट्टी
वेग मोजायला काठालगत 10 मीटर अंतर पावलांनी नाही, दोरीने मोजा. वरच्या टोकाच्या थोडं आधी ओली काटकी टाका, वाळलेली नको, ती वाऱ्याने सरकते. दोन्ही खुणांमधला वेळ बघा. 20 सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग अर्धा मीटर प्रति सेकंद, 10 सेकंद लागले तर 1 मीटर. तिथला पृष्ठभागापासून तळापर्यंतचा सरासरी वेग पृष्ठभागाच्या वेगाच्या साधारण 0.85 पट धरतात. तीन वेळा टाकून मधला आकडा घ्या.

गढूळपणासाठी पांढरं झाकण दोरीला बांधा, छोटा दगड लावून बुडवा आणि कुठे दिसेनासं होतं ते दोरीवर मोजा. 10-15 सेंमीच्या आत नाहीसं झालं तर चमच्यासारख्या चकाकत्या नकली आमिषाचा किंवा प्लास्टिक माशाचा काही उपयोग नाही, वासाचं आमिष लावा. 30 ते 60 सेंमी दिसत असेल तर ते सर्वात चांगलं पाणी, मासा निर्धास्त असतो आणि त्याला आमिष दिसतंही. मीटरभर नितळ असेल तर तुम्हीही त्याला दिसता.

धरणाच्या बातमीत क्युसेक येतात, त्याचाही अंदाज करता येतो. 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर. 2,000 क्युसेक म्हणजे सेकंदाला 57 घनमीटर. तुमचं पात्र 60 मीटर रुंद आणि सरासरी खोली दीड मीटर असेल तर वेग साधारण 0.6 मीटर प्रति सेकंद, तळाला गळ टाकायला उत्तम. 10,000 क्युसेक म्हणजे 283 घनमीटर. खोली वाढून अडीच मीटर झाली तरी वेग 1.9 मीटरच्या आसपास जातो. अशा वेळी मधल्या धारेचा नाद सोडून फक्त काठ आणि तुंबलेली पाणी बघायची.

ते पाणी तुमच्यापर्यंत कधी येईल, हेही काढता येतं. पुराची लाट पाण्याच्या सरासरी वेगापेक्षा साधारण दीडपट वेगाने पुढे येते. धरण 20 किमी वर आणि वेग 1 मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी 3.6 किमी असेल, तर लाट ताशी 5.4 किमीने येईल, साधारण पावणेचार तासांत. वाटेत मोठे डोह किंवा बंधारे असतील तर उशीर होतो.

मरळप्रेमी
धाग्यात सगळं चढत्या-उतरत्या पुराचंच चाललंय. कमी पाण्याचंही लिहायला हवं, कारण वर्षातले जास्त महिने तेच असतं.

उन्हाळ्यात पातळी तळाला जाते तेव्हा अडचण धारेची नाही, प्राणवायूची असते. 20 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात पूर्ण भरलेला प्राणवायू लिटरला साधारण 9 मिलिग्रॅम असतो, 30 अंशाला साडेसात. त्यात धार थांबलेली, शेवाळ माजलेलं. रात्री शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे तो सर्वात कमी असतो. म्हणूनच पहाटेच मासा लागतो हा सरसकट नियम शेवाळलेल्या संथ डोहाला लागू होत नाही. तिथे ऊन चढून तास-दोन तास झाल्यावर किंवा संध्याकाळी जास्त हालचाल असते. वाहत्या, खडकाळ पट्ट्यात मात्र पहाट उत्तमच.

कमी पाण्यात खळाळ जिथे डोहात उतरतो ते तोंड आधी बघा. पाणी फुटून हवा मिसळते आणि खाणंही तिथूनच येतं. खूप खोल डोहाच्या तळाला प्राणवायू नसू शकतो, म्हणून सर्वात खोल जागा म्हणजे सर्वात चांगली जागा असं धरू नका. तरंगा लावून तळापासून मीटरभर वर आमिष ठेवून बघा.

मरळ आणि मागूर हवेतून श्वास घेऊ शकतात, त्यामुळे बाकी मासा सुस्तावला तरी हे हलतात. उथळ, गवताळ कडेला पृष्ठभागावर बेडकाच्या आकाराचं आमिष चालतं. पण मरळीची पिल्लं लालसर झुबक्याने फिरताना दिसली तर तिथे गळ टाकू नये. नर-मादी राखण करत असतात, हलणाऱ्या कशावरही झडप घालतात आणि ते पकडले की सगळा झुबका दुसऱ्यांच्या तोंडी जातो.

आणि मोजपट्टी भाऊ, उतरतं पाणी सर्वात चांगलं हे मरळीला लागू नाही. पाणी सावकाश चढून नव्या गवतात शिरतं तेव्हाच ती काठाला सर्वात जास्त फिरते. पाणी उतरलं की गवत कोरडं पडतं आणि तिच्या जागाच संपतात.

मोजपट्टी
मान्य. माझं म्हणणं मुख्य धारेतल्या रोहू, मृगळ आणि शिंगाळ्यापुरतं धरा. शिंगाळ्याचंही थोडं वेगळं आहे, मिशांनी चव घेऊन शोधणारा मासा असल्याने गढूळ चढत्या पाण्यात तो रोहूपेक्षा आधी खायला लागतो. गांडुळाचा जाड झुबका, गळ थोडा मोठा, आमिष पूर्ण तळाला टेकलेलं, आणि दर 20 मिनिटांनी नवं, कारण धार वास धुऊन नेते.

डोहाची वाट
एक महत्त्वाचा फरक राहिला. पावसाने चढलेलं आणि धरणातून सोडलेलं पाणी सारखं नसतं. सांडव्यावरून येणारं पाणी जलाशयाच्या वरच्या थरातलं, कोमट आणि हवा मिसळलेलं असतं. तळाच्या दरवाजातून येणारं थंड असतं आणि उन्हाळ्यात त्यात प्राणवायू कमी असू शकतो. असं थंड पाणी आलं की पातळी अगदी योग्य दिसत असूनही मासा तोंड बंद करतो. साधा थर्मामीटर दोरीला बांधून काठाजवळ दोन मिनिटं बुडवा. एका दिवसात 3-4 अंशांनी तापमान पडलं असेल तर धरणापासून खाली सरका किंवा उपनदीच्या संगमाखालचा काठ धरा, तिथे कोमट पाणी मिसळतं.

पहिल्या जोरदार पावसाचंही सांगते. कोरड्या पात्रात साठलेली घाण एकदम वाहून येते आणि ती कुजताना प्राणवायू संपतो. मासा पृष्ठभागावर तोंड वासून दिसतो. लोकांना वाटतं मासा वर आलाय, पकडा. तो गुदमरत असतो, गळाला येत नाही, आणि तसा मासा हाताने उचलून खाणंही योग्य नाही, कारण पाण्यात नेमकं काय मिसळलं आहे ते माहीत नसतं.

आता सुरक्षेचं. गुडघ्याच्या थोडं वर पाणीही वेगात असेल तर पाडतं. खोली मीटरमध्ये आणि वेग मीटर प्रति सेकंदात घेऊन गुणाकार करा. 0.6 च्या पुढे गेला तर मोठ्या माणसानेही उतरू नये. म्हणजे 60 सेंमी खोल आणि 1 मीटर वेग ही हद्द झाली. तळाला गोटे किंवा शेवाळ असेल तर त्याच्या निम्म्यावरच थांबा. धरणाखाली पात्राच्या मधल्या खडकावर किंवा बेटावर बसून गळ टाकायचाच नाही. पाणी तुमच्या पायाशी येण्याआधी मागची उथळ वाट बंद झालेली असते. काटक्या आणि फेस अचानक वाहू लागले, नितळ पाण्यात धूसर पट्टा आला, की सामान टाकून काठ गाठा.

उलटीधार
ताईंनी लिहिलंय त्यात एक भर. रोज ठरावीक वेळी वीजनिर्मितीसाठी पाणी सुटत असेल तर मासा त्या लयीला सरावतो. पाणी चढायला लागल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास आणि बंद झाल्यावर धार मंदावतानाचा थोडा वेळ, असे दोन तुकडे मिळतात. मधल्या पूर्ण जोराच्या वेळात शिसं बदलत बसण्यापेक्षा थांबलेलं बरं.

खाडीमुख
समुद्राजवळच्या पट्ट्यात हे लागू होतं का? तिथे पातळी भरती-ओहोटीने हलते.

मोजपट्टी
तिथे घड्याळ वेगळं. भरती ते ओहोटी साधारण सव्वासहा तास आणि रोज वेळ सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्याने धार जोरात, अष्टमीच्या सुमारास मंद. मासा पाणी फिरण्याच्या आधी आणि नंतर तासभर जास्त हलतो, पूर्ण थांबलेल्या पाण्यात कमी. पण नदीला पूर असेल तर भरती तो नुसता तुंबवते, पातळी वाढते आणि धार मात्र मंदावते. अशा वेळी पातळीवरून वेगाचा अंदाज सपशेल चुकतो. काटकी टाकून मोजाच.

मरळप्रेमी
पावसाळ्याच्या पहिल्या मोठ्या पुरांबद्दल विनंती. रोहू, कटला, मृगळ हे मासे चढत्या पाण्यात पसरलेल्या उथळ काठांवर अंडी घालतात. साध्या तळ्यात ते आपणहून अंडी घालत नाहीत. 1957 मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या इंजेक्शनने त्यांचं प्रजनन करून दाखवलं, त्यानंतर तळ्यासाठी बीज तयार करता येऊ लागलं. पण नदीतला साठा आजही याच पुरांवर अवलंबून आहे. पोट फुगलेली मादी लागली तर हात ओले करून, पोट न दाबता, शक्यतो पाण्यातच गळ काढा. काठाच्या संथ पाण्यात धारेकडे तोंड करून धरा आणि ती स्वतः जोर लावेल तेव्हा सोडा. त्या काळात मासेमारीला बंदी असेल तर प्रश्नच मिटतो, आधी विचारून घ्या.

नवागळ
सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटची शंका: पाणी उतरताना शिसं वारंवार अडकतं. पुरात वाहून आलेल्या फांद्या तळाला बसलेल्या असतात. दरवेळी अख्खी मांडणी जाते.

शिसंवाला
शिसं थेट कडीला लावू नका. मुख्य दोरी 6 किलोची (म्हणजे तेवढा ताण सोसणारी) असेल तर कडी आणि शिसं यांच्या मध्ये 2-3 किलोची 15 सेंमी मोनो बांधा. अडकलं की तीच तुटते, शिसं जातं, पण मासा आणि गळ परत येतो. फेकताना मात्र झटका द्यायचा नाही, सावकाश झोका द्यायचा, नाहीतर ती हवेतच तुटते आणि शिसं कुणाच्या तरी अंगावर जातं. 60 ग्रॅमच्या वर वजन असेल आणि आसपास माणसं असतील तर ही युक्ती वापरू नका. तेव्हा शिशाऐवजी जुन्या कापडाच्या छोट्या पिशवीत वाळू भरून बांधा. फांदीत अडकली तर फाटून मोकळी होते आणि नदीत शिसंही पडत नाही.